महापालिकेची नवी वास्तू : जागा, आराखडा आणि पैशाचे गणित

शहर वाढू लागले की प्रथम रस्ते अपुरे पडतात, मग पाणी अपुरे पडते आणि सर्वांत शेवटी ज्या इमारतीतून शहराचा कारभार चालतो ती इमारतच अपुरी पडू लागते. रस्त्याची आणि पाण्याची टंचाई नागरिकाला रोज जाणवते. कार्यालयाची टंचाई त्याला केवळ कामानिमित्त महापालिकेची पायरी चढावी लागते तेव्हाच जाणवते. त्यामुळे महापालिकेसाठी नवे मुख्यालय बांधण्याचा विषय निघाला की दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. एका बाजूला ‘शहराला शोभेल अशी वास्तू हवीच’ असा आग्रह असतो, तर दुसऱ्या बाजूला ‘नळाला पाणी नाही आणि यांना महाल हवेत’ असा संताप. या दोन टोकांच्या मध्ये जे गणित असते त्याची चर्चा फारशी होत नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या, उत्पन्न मर्यादित आणि गरजा अमर्याद असलेल्या शहरात तर हे गणित समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

वाढते शहर, जुने घर

तत्कालीन औरंगाबाद नगरपालिकेचे रूपांतर ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिकेत झाले. लगतची १८ खेडी तिच्या हद्दीत आली. पहिली निवडणूक होण्यास मात्र १९८८ साल उजाडावे लागले. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७३ हजार होती. २००१ मध्ये ती सुमारे ८ लाख ७३ हजारांवर आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांवर गेली. म्हणजे अवघ्या वीस वर्षांत शहर दुपटीहून अधिक मोठे झाले. २००६ मध्ये सिडकोने वसविलेल्या वसाहती महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या, पुढे सातारा-देवळाईचा परिसरही हद्दीत आला. सभागृहातील सदस्यसंख्या २०१० मध्ये ९९ होती, ती २०१५ मध्ये ११३ झाली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणूक ११५ जागांसाठी झाली.

हा सारा विस्तार ज्या मुख्यालयाने पेलला ते टाऊन हॉल परिसरात, आमखास मैदान आणि भडकल दरवाजाच्या सान्निध्यात आहे. गरजेनुसार एकेक इमारत उभी राहत गेली; म्हणूनच आजही कर्मचारी आणि नागरिक ‘टप्पा क्रमांक एक’, ‘टप्पा क्रमांक तीन’ अशाच नावांनी या इमारती ओळखतात. या नावांतच त्या बांधकामाचा इतिहास दडलेला आहे. एकदाच समग्र विचार करून उभारलेली वास्तू आणि निकड भासेल तसतशी जोडत नेलेली वास्तू यांत मूलभूत फरक असतो. जोडत नेलेल्या इमारतीत विभाग विखुरतात, अभिलेख मिळेल त्या खोलीत रचले जातात, वाहनतळाचा विचार राहून जातो आणि एकाच कामासाठी नागरिकाला तीन जिने चढावे लागतात.

पहिला प्रश्न : गरज खरी आहे काय?

कोणत्याही सार्वजनिक इमारतीचे नियोजन चित्रकाराच्या रंगीत आराखड्यापासून नव्हे, तर गरजेच्या मोजदादीपासून सुरू व्हावयास हवे. मुख्यालयात प्रत्यक्ष किती कर्मचारी बसतात, त्यांपैकी किती जणांचे काम झोन कार्यालयांत अधिक चांगले होऊ शकते, रोज किती नागरिक येतात व कोणत्या कामासाठी येतात, किती जागा भाड्याने घेतली आहे व तिचे वार्षिक भाडे किती, किती अभिलेख संगणकावर नेता येतील, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळावी लागतात.

यातील शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मालमत्ता कराचा भरणा, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवानगी ही कामे ऑनलाइन होऊ लागल्याने मुख्यालयात येणाऱ्यांची संख्या घटावयास हवी. ती घटत नसेल तर दोष इमारतीचा नसून कार्यपद्धतीचा आहे आणि नवी इमारत बांधून तो दूर होणार नाही. उलट, सोयीचे विकेंद्रीकरण करावयाचे असेल तर एक भव्य मुख्यालय बांधण्याऐवजी झोन कार्यालये सुसज्ज करणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. हडको, चिकलठाणा किंवा पडेगावच्या रहिवाशाला टाऊन हॉलपर्यंत येण्याची वेळच येऊ नये, हे कोणत्याही नियोजनाचे पहिले उद्दिष्ट असावे.

जगातील श्रीमंत शहरांनीही हा विचार केला आहे. लंडनच्या महापौरांचे कार्यालय २००२ पासून थेम्स नदीकाठच्या एका प्रसिद्ध काचेच्या इमारतीत होते. ती इमारत भाड्याची होती. करोनाकाळात उत्पन्न घटल्यावर २०२० मध्ये ती सोडण्याचा निर्णय घेण्यात आला आणि पूर्व लंडनमधील स्वतःच्या मालकीच्या इमारतीत कार्यालय हलविण्यात आले. त्यामुळे पाच वर्षांत सुमारे ६ कोटी पौंड वाचतील, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला होता. शहराच्या प्रतिष्ठेपेक्षा शहराच्या तिजोरीचा विचार आधी झाला, हे त्यातील मर्म होय.

जागेचा तिढा

गरज सिद्ध झाली की प्रश्न येतो जागेचा. आहे त्याच जागी पुनर्बांधणी करावी की नवी जागा शोधावी, असे दोन पर्याय असतात. जुन्या जागेचा लाभ असा की ती नागरिकांच्या अंगवळणी पडलेली असते, मालकी निर्विवाद असते आणि जमिनीचा खर्च येत नाही. तोटा असा की बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत सारा कारभार दुसरीकडे हलवावा लागतो. त्या स्थलांतराचा खर्च अंदाजपत्रकात बहुधा धरला जात नाही आणि पुढे तो अचानक उभा राहतो.

टाऊन हॉल परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला, असे इतिहास सांगतो. या दरवाजाचा शेजार, जुन्या शहराच्या पोटातून गेलेल्या नहर-ए-अंबरीच्या भूमिगत जलवाहिन्या आणि परिसरातील अन्य जुन्या वास्तू यांमुळे येथे खोल तळघर खोदणे किंवा उंच मनोरा चढविणे हा केवळ अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. वारसा जतनाचे नियम, रस्त्याची रुंदी, एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतील चटई क्षेत्र व वाहनतळाच्या अटी आणि चिकलठाणा विमानतळामुळे येणारी उंचीची मर्यादा, या साऱ्यांचा मेळ घालावा लागतो.

नवी जागा घ्यावयाची तर ती विकास आराखड्यात सार्वजनिक वापरासाठी आरक्षित असावी लागते. या शहराचा विकास आराखडा वर्षानुवर्षे न्यायालयीन वादात अडकून पडला होता, हे सर्वज्ञात आहे. आरक्षण असूनही जमीन ताब्यात नसणे ही तर बहुतेक महापालिकांची दुखरी नस. ‘आमच्याकडे आरक्षण आहे’ या वाक्यात आणि ‘आमच्याकडे सातबारा आहे’ या वाक्यात कैक वर्षांचे अंतर असते. भूसंपादनाचा मोबदला रोख द्यावयाचा झाल्यास इमारतीच्या खर्चापेक्षा जमिनीचाच खर्च जड व्हावा अशी स्थिती येते; म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर देऊन जमीन घेण्याचा मार्ग महापालिका पत्करतात. मात्र तो जमीनमालकास मान्य व्हावा लागतो.

शासकीय जमिनीचा पर्याय कसा गुंतागुंतीचा असतो याचे उदाहरण याच शहरात आहे. विश्वासनगर-लेबर कॉलनीतील जीर्ण शासकीय निवासस्थाने दीर्घकाळच्या न्यायालयीन लढ्यानंतर मे २०२२ मध्ये पाडण्यात आली. शहरभर विखुरलेली शासकीय कार्यालये एकत्र आणणारे प्रशासकीय संकुल तेथे उभारण्याचा विचार प्रशासनाने मांडला होता. जागा मोक्याची आणि मालकी शासनाची होती, तरीही ती मोकळी होण्यास अनेक वर्षे लागली आणि तेथे दशकानुदशके राहिलेल्या कुटुंबांचे काय, हा प्रश्न सर्वांच्या मनाला चटका लावून गेला. सार्वजनिक इमारतीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

अंदाजपत्रक : ६८ कोटींचे १०९ कोटी कसे होतात?

जागेनंतर येतो आराखडा आणि अंदाज. येथेच सर्वसामान्य नागरिकाचा, आणि कित्येकदा नगरसेवकांचाही, गोंधळ होतो. ‘आधी इतके कोटी म्हणत होते, आता इतके कसे झाले?’ हा प्रश्न प्रत्येक सभागृहात हमखास विचारला जातो. प्रत्येक वेळी त्यामागे गैरव्यवहारच असतो असे नाही. पुष्कळदा पहिला आकडाच अपुरा सांगितलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष प्रस्तावातील नसून केवळ गणित स्पष्ट व्हावे म्हणून घेतलेले आहेत. मुख्यालयात एक हजार कर्मचारी बसणार असून प्रत्येकी १०० चौरस फूट जागा लागेल असे धरल्यास एक लाख चौरस फूट होतात. मार्गिका, जिने, उद्वाहने, स्वच्छतागृहे यांसाठी ४० टक्के वाढ धरली की ते १ लाख ४० हजार होतात. सभागृह, अभिलेख कक्ष आणि नागरी सुविधा केंद्र यांसाठी ३० हजार चौरस फूट मिळवल्यास एकूण १ लाख ७० हजार चौरस फूट. चौरस फुटास ४ हजार रुपये दर धरला तर बांधकामाचा खर्च ६८ कोटी. पत्रकार परिषदेत सांगितला जातो तो बहुधा हाच आकडा.

परंतु नुसत्या भिंतींतून कारभार चालत नाही. विद्युतीकरण, उद्वाहने, अग्निशमन यंत्रणा, फर्निचर, संगणक जाळे यांसाठी ३० टक्के धरल्यास २० कोटी ४० लाख वाढतात आणि बेरीज ८८ कोटी ४० लाखांवर जाते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे सुमारे १५ कोटी ९० लाख. महापालिकांच्या बांधकाम कंत्राटांवरील हा कर जुलै २०२२ पूर्वी १२ टक्के होता. तेव्हा जुन्या अंदाजांवर विसंबलेल्या प्रस्तावांचे गणित एका अधिसूचनेने बदलले. वास्तुविशारदाचे शुल्क आणि आकस्मिक खर्चासाठी ५ टक्के, म्हणजे सुमारे ४ कोटी ४० लाख. एकूण १०९ कोटींच्या घरात! वाहनतळाचे तळघर यात धरलेलेच नाही.

यानंतर येतो विलंबाचा हिशेब. दरवर्षी ५ टक्के दरवाढ धरली तर आज १०० कोटींचे असलेले काम चार वर्षे रखडल्यास १२१ कोटी ५५ लाखांचे होते. या शहराला ही शिकवण वेगळी द्यावयाची गरज नाही. ज्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले तिची मूळ किंमत १,६८० कोटी रुपये होती. सुधारित योजना सुमारे २,७४० कोटींवर गेली. दरवाढ आणि अन्य कारणांची सरमिसळ त्यात आहे, पण काळ थांबला नाही की पैसा थांबत नाही, हे सूत्र इमारतीलाही तितकेच लागू पडते.

पैसा कोठून आणावयाचा?

महापालिकेपुढे पैसा उभारण्याचे मार्ग ढोबळमानाने पाच : स्वनिधी, शासकीय अनुदान, कर्ज, कर्जरोखे आणि खासगी भागीदारी. प्रत्येकाचे गुण-दोष वेगळे.

स्वनिधी हा सर्वांत स्वच्छ मार्ग. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि शासनाकडून मिळणारी जीएसटी भरपाई हे त्याचे प्रमुख स्रोत. पूर्वी जकात हा महापालिकांचा हुकमी एक्का होता. २०११ मध्ये या शहरात जकातीची जागा स्थानिक संस्था कराने, अर्थात एलबीटीने घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर महापालिकांना शासनाकडून भरपाई मिळू लागली. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के वाढ असे तिचे सूत्र. ही रक्कम नियमित येते खरी, पण तिच्यावर पहिला हक्क वेतन, निवृत्तिवेतन आणि वीजबिलांचा असतो. उरलेल्या पैशांत रस्ते, दिवे, कचरा आणि मलनिस्सारण बसवावयाचे असते. स्वनिधीतून इमारत बांधावयाची तर ती तीन-चार अंदाजपत्रकांत विभागावी लागते, आणि एखाद्या वर्षी वसुली घसरली की सांगाडा उभा राहून काम थांबते.

शासकीय अनुदानाचा मार्ग मोहक, परंतु अटींनी बांधलेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दशलक्षी शहरांच्या यादीत या शहराचा समावेश केला होता. मात्र त्या निधीचा रोख हवेची गुणवत्ता, पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांवर होता. त्यातून मुख्यालय बांधता येत नाही. स्मार्ट सिटी अभियानाचेही तसेच. २०१६ मध्ये शहराची त्यात निवड झाली आणि मार्च २०२५ अखेर ते अभियान देशभर संपुष्टात आले. शिवाय अशा योजनांत केंद्राच्या निधीइतकाच वाटा राज्य आणि महापालिकेला उचलावा लागतो. राज्याच्या नगरोत्थान अभियानासारख्या योजना किंवा विशेष अनुदान हे पर्याय उरतात; पण तेथे शहराच्या गरजेइतकेच मुंबईतील राजकीय वजनही कामी येते, हे उघड गुपित आहे.

तिसरा मार्ग कर्जाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०९ नुसार महापालिकेला कर्ज काढता येते, मात्र त्यास राज्य शासनाची मंजुरी लागते. हुडको, राष्ट्रीयीकृत बँका यांच्याकडून असे कर्ज मिळते. १०० कोटींचे कर्ज ८ टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतल्यास दरवर्षी सुमारे ११ कोटी ६८ लाख रुपयांचा हप्ता पडतो; म्हणजे अखेरीस १७५ कोटी परत करावे लागतात. ७५ कोटींचे हे व्याज ज्या नगरसेवकांनी कर्ज मंजूर केले त्यांना नव्हे, तर पुढील तीन सभागृहांना फेडावयाचे असते.

येथेच छत्रपती संभाजीनगरपुढील खरा पेच उभा राहतो. पाणीपुरवठा योजनेत महापालिकेच्या वाट्याचा भार आठशे कोटींहून अधिक आहे. कर्जफेडीची जी काही क्षमता महापालिकेकडे आहे ती पुढील अनेक वर्षे पाण्यासाठीच राखून ठेवावी लागणार. कर्ज देणारी संस्था आधीचे हप्ते पाहूनच नवे कर्ज देते. तेव्हा मुख्यालयाचे कर्ज आणि पाण्याचे कर्ज हे एकाच कोंदणातील दोन खडे आहेत. एक बसविला तर दुसऱ्याला जागा उरत नाही.

चौथा मार्ग कर्जरोख्यांचा. राज्य शासनाच्या हमीविना रोखे काढण्याचा पहिला प्रयोग देशात अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये केला. महाराष्ट्रात नाशिक व नागपूर यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत तो मार्ग चोखाळला. सेबीने २०१५ मध्ये नियमावली केल्यावर पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के दराने विकले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये हाच मार्ग अवलंबिला. रोख्यांसाठी पतमानांकन, लेखापरीक्षित ताळेबंद आणि दुहेरी नोंद पद्धतीचे हिशेब लागतात, ही शिस्त महापालिकेला हितावहच. परंतु गुंतवणूकदार विचारतो की हे पैसे परत कोठून येणार? पाणी योजनेतून पाणीपट्टी येते. मुख्यालयातून काय येते? उत्पन्न न देणाऱ्या वास्तूसाठी रोखे काढणे म्हणजे मालमत्ता कराची सारी वसुली गहाण ठेवण्यासारखे आहे.

खासगी भागीदारीचा मोह

पाचवा मार्ग सर्वाधिक आकर्षक वाटतो, कारण त्यात महापालिकेला ‘एक रुपयाही खर्च करावा लागत नाही’ असे सांगितले जाते. मोक्याच्या जागेचा काही भाग विकासकाला व्यापारी वापरासाठी द्यावयाचा आणि त्या मोबदल्यात त्याने मुख्यालय बांधून द्यावयाचे, अशी ही योजना. बांधा-वापरा-हस्तांतरित करा, म्हणजेच बीओटी हे तिचे एक रूप.

एक रुपयाही खर्च होत नाही हे मात्र खरे नव्हे. महापालिका येथे रोकड देत नाही, जमीन देते. आणि शहराच्या मध्यवर्ती भागातील जमीन ही रोकडीहून दुर्मीळ असते, कारण ती पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणूनच कायद्याच्या कलम ७९ ने महापालिकेच्या मालमत्तेच्या विक्रीवर आणि भाडेपट्ट्यावर निर्बंध घातले आहेत. जमिनीचे मूल्यांकन स्वतंत्र यंत्रणेकडून न करता केलेला करार हा जनतेच्या मालमत्तेचा लिलावच ठरतो.

या शहराने भागीदारीचे कटू अनुभव घेतले आहेत. समांतर जलवाहिनीचे काम खासगी कंपनीकडे सोपवून २०१४ मध्ये पाणीपुरवठा तिच्या हाती गेला. दोन वर्षांतच, २०१६ मध्ये, तो करार रद्द करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने केला आणि प्रकरण दीर्घकाळ वादात राहिले. औरंगपुरा भाजी मंडईचा बीओटी प्रकल्पही वर्षानुवर्षे रखडला. भागीदारीची कल्पना मुळातच वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. दोष असतो करारात. विलंब झाल्यास दंड काय, विकासकाने काम सोडल्यास जागेचे काय, महापालिकेचा भाग आधी पूर्ण होणार की दुकाने आधी विकली जाणार, या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे करारात नसतील तर महापालिकेला दुकानांच्या मागे अर्धवट उभे असलेले मुख्यालय पाहत बसावे लागते.

मुंबईचा धडा, पुण्याचा धडा

सार्वजनिक इमारत अंदाजपत्रकात आणि निर्दोष बांधता येते काय? महाराष्ट्रातच याचे लखलखीत उदाहरण आहे. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते ९ डिसेंबर १८८४ रोजी बसविण्यात आली. त्यानंतर आराखड्यावरून बराच खल झाला. वास्तुविशारद चिझम यांचा आराखडा बाजूला पडून समोरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची गॉथिक शैलीतील रचना स्वीकारण्यात आली. २५ एप्रिल १८८९ रोजी काम सुरू होऊन ३१ जुलै १८९३ रोजी ते पूर्ण झाले. मंजूर खर्च होता ११ लाख ८८ हजार ८२ रुपये. प्रत्यक्ष खर्च आला ११ लाख १९ हजार ९६९ रुपये. म्हणजे ६८ हजार ११३ रुपये चक्क वाचले! सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती वास्तू देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार पाहत आहे. यातील बोध असा की कोनशिला आणि काम यांच्यामधली चार वर्षे आराखडा पक्का करण्यात गेली, पण एकदा काम सुरू झाल्यावर आराखडा बदलत राहिला नाही. बांधकाम चालू असताना ‘अजून एक मजला’, ‘इथे एक दालन’ अशा सूचना येऊ लागल्या की खर्चाला धरबंध उरत नाही.

याउलट पुण्याचे. पुणे महापालिकेच्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन २१ जून २०१८ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांच्या हस्ते झाले. त्याच दिवशी आलेल्या पावसाने नव्या सभागृहाच्या घुमटातून गळती सुरू झाली आणि पाहुण्यांच्या साक्षीने साऱ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. उद्घाटनाची तारीख बांधकामाच्या गतीवर ठरावी. बांधकामाची गती उद्घाटनाच्या तारखेवर ठरू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

तिसरा धडा मंत्रालयाचा. २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. महापालिकेच्या अभिलेख कक्षात शहरातील प्रत्येक घराचा इतिहास असतो. मालमत्तेचे उतारे, बांधकाम परवानग्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी. तेव्हा अग्निशमन यंत्रणा आणि अभिलेखांची सुरक्षितता यांवरील खर्च हा काटकसरीचा विषय होऊ शकत नाही. दिव्यांगांसाठी उतार, स्वतंत्र स्वच्छतागृहे, उद्वाहने यांचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती सवलत नव्हे, तर हक्क ठरविला आहे.

बांधल्यानंतरचा खर्च

इमारत बांधणे सोपे, ती सांभाळणे अवघड, हे महापालिकांच्या बाबतीत वारंवार सिद्ध झाले आहे. याच शहरातील संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी अनेक वर्षे बंद राहिले आणि नाट्यरसिकांची परवड झाली, हे विस्मरणात जाण्याजोगे नाही. बांधकाम खर्चाच्या दोन टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी लागते असे धरले, तरी वरील उदाहरणातील इमारतीला वर्षाकाठी पावणेदोन कोटींहून अधिक लागतील. वीजबिल निराळे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काचेच्या भिंतींची इमारत म्हणजे वातानुकूलन यंत्रांना दिलेले आमंत्रणच. जाड भिंती, खोल व्हरांडे, मोकळे चौक आणि वाऱ्याला वाट ही या भूमीची जुनी वास्तुविद्या आहे. ती आजही वीज वाचविते. छतावर सौर पटले आणि पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण यांची सक्ती महापालिका नागरिकांच्या घरांवर करते. तिच्या स्वतःच्या घराने तो आदर्श आधी घालून द्यावयास हवा.

निर्णय कोणाचा?

एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून जवळपास पावणेसहा वर्षे या महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, अशी ती अवस्था. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने लोकनियुक्त सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. कित्येक पिढ्या ज्याचे ओझे वाहणार तो निर्णय अशाच सभागृहात, खुल्या चर्चेनंतर व्हावयास हवा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, स्थायी समितीची मंजुरी आणि त्रयस्थ संस्थेकडून गुणवत्तेची तपासणी ही साखळी कागदावर परिपूर्ण आहे. तिची कडी निसटते ती बहुधा निविदेच्या आधी, म्हणजे गरजेच्या मोजदादीत, आणि निविदेनंतर, म्हणजे वाढीव कामांच्या मंजुरीत. नागरिकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहावयाच्या त्याच दोन जागा.

व्यवहार्य मार्ग कोणता, हेही या विवेचनातून बऱ्याच अंशी स्पष्ट होते. पाणी योजनेचा भार असेतोवर मोठे कर्ज वा रोखे काढून मुख्यालय उभारणे शहराला झेपणारे नाही. आधी झोन कार्यालये सक्षम करावीत, अभिलेखांचे संगणकीकरण पूर्ण करावे आणि त्यानंतर जी खरी गरज उरेल तेवढीच जागा मोजावी. त्या गरजेचा संपूर्ण आराखडा एकदाच करून घ्यावा. बांधकाम मात्र स्वनिधी आणि अनुदान यांच्या बळावर, स्वतंत्रपणे वापरता येतील अशा भागांत करावे. यासाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात राखीव निधी बाजूला ठेवावा आणि तो अन्यत्र वळविता येणार नाही असा ठराव सभागृहाने करावा. टप्प्याटप्प्याने बांधण्यात काही गैर नाही. आराखड्याविना टप्पे पाडत जाणे गैर, आणि टाऊन हॉलच्या सध्याच्या इमारती त्याची साक्ष देतात.

नव्या इमारतीतील सभागृह कितीही देखणे असले, तरी तेथे पहिला प्रश्न विचारला जाईल तो पाण्याचाच. त्याचे उत्तर देता येईल एवढा पैसा तिजोरीत शिल्लक ठेवून जी वास्तू बांधली जाईल, तीच या शहराला परवडेल.